शुद्धीवर येताना : वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तास

वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेविषयी कचेरीत, वस्तीत किंवा लग्नाच्या मांडवात बोलणे निघाले म्हणजे लोक दोनच गोष्टी विचारतात. खर्च किती आला आणि किलो किती उतरले. शस्त्रक्रियेचा दिवस आणि उतरलेले किलो यांच्यामध्ये एक रात्र असते. त्या रात्री रुग्ण भुलीतून जागा होतो, त्याला कळेनासे होते की आपण कोठे आहोत, घसा कोरडा पडलेला असतो, पोटाऐवजी खांदा दुखत असतो, आणि पायांना बांधलेले काहीतरी आपोआप आवळते व सैल होते. या रात्रीविषयी कोणी विचारीत नाही आणि ज्याने ती काढली तोही फारसे सांगत नाही.

आम्ही डॉक्टर नाही. कलाशाखेचे पदवीधर असून बँकेत कारकुनी करतो. परंतु आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना घरात सर्व जण ताई म्हणतात, त्यांच्यावर ही शस्त्रक्रिया झाली तेव्हा खाटेशेजारी बसण्याचे काम आमच्याकडे आले. विचारून लिहून घेण्याची आम्हास खोड आहे. त्यामुळे भूलतज्ज्ञ, सर्जन आणि वॉर्डातील सिस्टर यांना गाठून एक वही आधीच भरली होती. वहीचा फायदा असा झाला की रात्री जे जे घडले त्यातील बरेचसे आम्हास ठाऊक होते, आणि जे ठाऊक असते त्याला माणूस घाबरत नाही. आपल्या सभासदांच्या घरीही मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी वागविणारी माणसे आहेत. त्यांच्यापैकी कोणी उद्या या वाटेने गेले तर खाटेवरच्या माणसाइतकेच खाटेशेजारच्या माणसालाही हे माहीत असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम शस्त्रक्रियेविषयी थोडक्यात. तिचे दोन प्रकार अधिक प्रचलित आहेत. 'स्लीव्ह' या प्रकारात जठराचा सुमारे तीनचतुर्थांश किंवा थोडा अधिक भाग कापून काढतात व उरलेले जठर केळ्याच्या आकाराच्या अरुंद नळीसारखे राहते. 'बायपास' या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम अंडे मावेल एवढी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडे खालून वर आणून तिला जोडतात. बायपासची सुरुवात अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये केली. त्या काळी पोट उभे चिरावे लागे. आता पोटावर पाच-सहा लहान छिद्रे पाडून दुर्बिणीने हे काम होते, आणि म्हणूनच रुग्ण त्याच दिवशी उठून चालू शकतो.

ही शस्त्रक्रिया कोणासाठी, याविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. २०१७ मध्ये इजिप्तमधून एका अतिस्थूल महिलेला मालवाहू विमानाने मुंबईत आणण्यात आले होते. वर्तमानपत्रांतील त्या बातम्यांमुळे पुष्कळांची समजूत झाली की हे उपचार खाटेवरून उठता न येणाऱ्यांसाठीच असतात. वास्तविक डॉक्टर पाहतात तो वजन आणि उंची यांचा मेळ. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले म्हणजे जो आकडा येतो तो बी.एम.आय. ताईंची उंची १ मीटर ६० सेंटीमीटर व वजन ९६ किलो. विद्यार्थ्यांनी गणित करून पाहावे, उत्तर साडेसदतीस येते. जोडीला दहा वर्षांचा मधुमेह होता. आरोग्यविम्याच्या बाबतीत नियामक मंडळाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या अटींनुसार बी.एम.आय. ४० किंवा त्याहून अधिक, अथवा ३५ व त्यासोबत गंभीर आजार, असे असेल आणि इतर उपायांना यश आले नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेली ही शस्त्रक्रिया विम्याच्या कक्षेत येऊ शकते. पॉलिसीचे बारीक अक्षर मात्र शस्त्रक्रियेआधी वाचावे, नंतर नव्हे. बँकेत काम करणाऱ्याने एवढे तरी सांगितलेच पाहिजे.

आता मुख्य विषयाकडे वळू.

भूल म्हणजे गाढ झोप, असे आपण समजतो. तसे नाही. झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो जागा होतो. भुलीत तीन गोष्टी एकत्र साधलेल्या असतात : शुद्ध नसते, वेदना नसते आणि स्नायू औषधाने सैल केलेले असतात. स्नायू सैल म्हणजे श्वासाचे स्नायूही सैल. म्हणून घशातून श्वासनलिकेत एक नळी घालून यंत्राद्वारे श्वास चालू ठेवावा लागतो. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टन येथील रुग्णालयात विल्यम मॉर्टन यांनी ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक केले. त्यापूर्वी शस्त्रक्रियेच्या वेळी चार माणसे रुग्णाला दाबून धरीत. तेव्हा 'शुद्धीवर येणे' हा प्रश्न उद्भवतच नव्हता, कारण बिचारा शुद्धीवरच असे.

शस्त्रक्रिया संपत आली की भूलतज्ज्ञ भुलीचा वायू बंद करतात आणि सैल केलेले स्नायू पुन्हा ताब्यात यावेत यासाठी उलट औषध देतात. मग मोठ्याने नाव घेऊन हाक मारली जाते. डोळे उघडा, हात दाबा, मान उचला, मोठा श्वास घ्या. रुग्णाने हे सर्व केले आणि श्वास आपल्या बळावर चालू आहे अशी खात्री पटली म्हणजे घशातील नळी काढली जाते. हे सारे रुग्ण अर्धवट शुद्धीत करतो. गंमत अशी की बहुतेकांना यातील काहीच पुढे आठवत नाही. ताईंनी सांगितल्याप्रमाणे मान उचलली, नाव सांगितले, एवढेच नव्हे तर सिस्टरला "माझा चष्मा कुठे आहे" असेही विचारले, असे आम्हास नंतर कळले. ताईंना विचाराल तर त्या म्हणतात, "टेबलावर झोपले आणि एकदम रिकव्हरीत डोळे उघडले." मधले तास गेले कोठे हे त्यांना आजही सांगता येत नाही. झोपेतून उठल्यावर रात्र सरल्याची जाणीव असते, भुलीतून उठल्यावर ती नसते. म्हणून काही रुग्ण जागे होताच विचारतात, "सुरू कधी करणार?"

रिकव्हरी म्हणजे ऑपरेशन थिएटरला लागून असलेली खोली. येथे तास-दोन तास, कधी त्याहूनही अधिक वेळ ठेवतात. पुष्कळांच्या कानी प्रथम आवाज येतात : यंत्राची टिकटिक, सिस्टरचे बोलणे, कुठेतरी पडलेल्या ट्रेचा खणखणाट. डोळे उघडले तरी छत हलते आहे असे वाटते. बोटाला चिमटा लावलेला असतो. करोनाच्या साथीत, २०२० व २०२१ या दोन वर्षांत, तो ऑक्सिमीटर घराघरांत पोहोचला, तोच हा. दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा दर काही मिनिटांनी आपोआप फुगतो. नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क असतो व खाटेचा डोक्याकडचा भाग उंच केलेला असतो. जड शरीराच्या माणसाला सपाट निजविल्यास पोटाचा भार फुप्फुसांवर येतो, म्हणून ही उंची. नातेवाइकांनी उशी काढून 'आरामात' निजविण्याचा प्रयत्न करू नये.

पुष्कळांना हुडहुडी भरते. दात वाजतात, अंग थडथडते. हा ताप नव्हे. थिएटरमधील गारवा व भुलीची औषधे यांमुळे शरीराची ऊब कमी झालेली असते, आणि शरीर ती थरथरून परत मिळवते. गरम ब्लँकेट अंगावर आले की थोड्या वेळात थांबते. घसा खवखवतो, आवाज घोगरा येतो, कारण नळी नुकतीच निघालेली असते. एकदोन दिवसांत ते बरे होते. काही जण कारण नसताना रडतात. काही बडबडतात. पूर्वी ज्याला अशा वेळी ऐकू नये ते ऐकू येते असे वाटत असेल त्याने लक्षात ठेवावे की भुलीतले बोलणे मनावर घ्यायचे नसते.

या सर्व काळात नातेवाईक दाराबाहेर असतात आणि खरी परीक्षा त्यांची होते. स्लीव्हची शस्त्रक्रिया साधारण एक ते दोन तासांची असते असे सांगितले जाते आणि ते खरेच आहे. परंतु रुग्णाला आत नेल्यापासून बाहेर आणीपर्यंत चार-पाच तास सहज जातात. भूल देण्यापूर्वीची तयारी, शस्त्रक्रिया, शुद्धीवर आणणे, रिकव्हरी, हे सारे त्यात येते. आमच्या वेळी दाराबाहेर 'प्रवेश निषिद्ध' ही पाटी तेवढी होती, सांगणारे कोणी नव्हते. शेजारच्या बाकावरील एका गृहस्थांच्या पत्नीवर तीच शस्त्रक्रिया चालू होती. तिसरा तास उलटला तसे ते उठून भिंतीशी उभे राहिले आणि रडू लागले. त्यांना कोणी हिशेब सांगितलाच नव्हता. अशा मोठ्या रुग्णालयात दर तासाला एक माणूस बाहेर येऊन दोन शब्द बोलून गेला तर काय बिघडेल, हे आम्हास अद्याप उमगलेले नाही.

वेदनेविषयी. पोटावरच्या छिद्रांच्या जागी दुखते, आणि ज्या छिद्रातून जठराचा कापलेला तुकडा बाहेर काढला तेथे जरा अधिक दुखते. सिस्टर विचारतात, शून्य ते दहामध्ये दुखणे किती? आपल्या बायाबापड्या येथे 'काही नाही' म्हणून मोकळ्या होतात. सोसण्याची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. परंतु या ठिकाणी सोसणे घातक आहे, कारण दुखते म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही आणि उठत नाही. सात असेल तर सात सांगावे. औषध त्यासाठीच ठेवलेले असते.

खांदा मात्र का दुखतो? शस्त्रक्रियेला जागा मिळावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून ते फुग्यासारखे फुगवितात. शेवटी तो काढून टाकतात, पण थोडा राहतोच. पोट आणि छाती यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा आहे. तो वायूमुळे ताणला व चुरचुरला जातो. या पडद्याची नस मानेतून निघते आणि खांद्याच्या त्वचेच्या नसाही मानेतल्या त्याच भागातून निघतात. त्यामुळे मेंदूची फसगत होते. पडद्यावरून आलेली तक्रार तो खांद्याच्या खात्यावर लिहितो. वायू शरीरात शोषला जाऊन श्वासावाटे निघून जातो व एक ते तीन दिवसांत खांदा सुटतो. चालण्याने आराम पडतो. ताईंचा मुलगा रात्री दोन वाजता खांद्याला बाम चोळीत बसला होता. बामाने अपाय नाही, पण दुखण्याचे घर दुसरीकडे होते.

मळमळ हा पहिल्या दिवसाचा मोठा त्रास आहे. भूलतज्ज्ञांच्या अनुभवानुसार स्त्रियांना, धूम्रपान न करणाऱ्यांना आणि ज्यांना प्रवासात गाडी लागते त्यांना तो अधिक होतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत "मला एस.टी.त उलटी होते" हे जरूर सांगावे. हे ऐकून डॉक्टर हसत नाहीत. ते उलटीविरोधी औषध आधीच वाढवून देतात. स्लीव्हमध्ये तर नव्या अरुंद नळीला सूज असते. तिच्यात पेटके येतात, तोंडाला फेसाळ लाळ सुटते, ती गिळवत नाही. जवळ रुमाल व छोटे भांडे ठेवावे आणि लाळ थुंकू द्यावी.

आता पाणी. ओठ सुकलेले असतात, रुग्ण पाणी मागतो, आणि तहानलेल्याला नाही म्हणणे आपल्या संस्कारात बसत नाही. तरीही सर्जन सांगेपर्यंत एक थेंब द्यावयाचा नाही. ओला कापूस ओठांवर फिरवावा. जठर शिवलेले असते व त्या शिवणीवर पहिल्या तासांत भार पडता कामा नये. शिवाय भुलीच्या गुंगीत गिळलेले पाणी श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. शरीराला लागणारे पाणी सलाईनमधून मिळतच असते. काही ठिकाणी त्याच संध्याकाळी, काही ठिकाणी दुसऱ्या दिवशी सकाळी परवानगी मिळते. ती मिळाल्यावर देण्याची रीतही वेगळी. औषधाच्या बाटलीवर येते तसले छोटे झाकण, सुमारे ३० मिलीलिटरचे, घ्यावे आणि तेवढे पाणी घोट घोट करून पंधरा मिनिटांत संपवावे. ग्लास तोंडाला लावायचा नाही, नळीने ओढायचे नाही. तांब्या वर धरून घटाघटा पिणाऱ्या आपल्या माणसांना हे फार जड जाते. एक घोट अधिक झाला तरी छातीच्या मध्यभागी दाटल्यासारखे दुखते, आणि मग रुग्ण आपोआप शिकतो.

येथे एक प्रसंग सांगणे भाग आहे. ताईंनी वस्तीत आपले पित्ताशयाचे ऑपरेशन आहे असे सांगितले होते. "खाऊन खाऊन फुगली आणि आता पैसे टाकून बारीक होते" हे ऐकावे लागेल याची त्यांना लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मावशी मायेने थर्मासमध्ये आल्याचा चहा व डब्यात तांदळाची पेज घेऊन आल्या. पित्ताशयाच्या रुग्णाला असे दुसऱ्या दिवशी चालते, हे त्यांनी स्वतःच्या सुनेच्या वेळी पाहिले होते. आम्ही बाहेरून आलो तेव्हा पेजेचा चमचा ताईंच्या तोंडापाशी पोहोचला होता आणि ताई संकोचापोटी तोंड उघडीत होत्या. चमचा थांबवून आम्ही मावशींना खरे काय ते सांगितले. मावशी डबा झाकून म्हणाल्या, "अगो बाई, मग आधी सांगायचं नाही का? मी काय हसणार होते?" स्थूलतेमागे आनुवंशिकता असते, शरीरातील संप्रेरके असतात, औषधे असतात, बैठे काम असते. केवळ हावरटपणा म्हणून तिच्याकडे पाहणे शास्त्राला धरून नाही. लाजेपोटी लपविलेल्या नावामुळे मायेच्या माणसाच्या हातून घात होता होता राहिला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

भुकेचे आश्चर्य वेगळेच आहे. पहिले काही दिवस, पुष्कळांना पहिले काही आठवडे, भूक लागतच नाही. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञ कोजिमा व कांगावा यांनी जठरात तयार होणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक शोधून काढले. ते मेंदूला भुकेचा निरोप देते. जठराच्या ज्या वरच्या फुगीर भागात ते मुख्यतः तयार होते तोच भाग स्लीव्हमध्ये निघून जातो. तेव्हा रुग्ण 'नको' म्हणतो ते रुसून नव्हे. मधुमेही रुग्णाची साखर या दिवसांत झपाट्याने उतरते, कित्येकदा वजन उतरण्याच्याही आधी. जुन्या सवयीने घरच्या पिशवीतील मधुमेहाची गोळी देऊ नये. कोणती गोळी चालू, कोणती बंद, हे डॉक्टरांकडून नव्याने लिहून घ्यावे.

खाटेच्या बाजूला तीन रंगीत चेंडू असलेले प्लॅस्टिकचे यंत्र ठेवलेले आढळेल. हे स्पायरोमीटर. आम्ही वॉर्डात पाहिले त्यांपैकी निम्म्या रुग्णांनी ते फुग्यासारखे फुंकले. ते फुंकायचे नसते, ओढायचे असते. ओठ नळीवर घट्ट मिटून श्वास आत ओढला म्हणजे चेंडू वर जातात. तास-तासाने दहा वेळा, जागेपणी. भुलीत फुप्फुसांचे खालचे भाग मिटून बसतात, ते या ओढण्याने उघडतात. उघडले नाहीत तर तेथे कफ साचून न्यूमोनिया होऊ शकतो. खोकताना पोटाशी उशी घट्ट धरावी, टाके दुखत नाहीत. जे मोठ्याने घोरतात व झोपेत ज्यांचा श्वास थांबतो, त्यांनी घरी सी-पॅप यंत्र वापरत असल्यास ते रुग्णालयात बरोबर न्यावे, कारण भुलीनंतरची पहिली रात्र त्यांच्यासाठी नाजूक असते. घरून आणलेली झोपेची गोळी तर मुळीच देऊ नये.

आणि चालणे. आमच्या मते पहिल्या दिवसातले सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे, व नातेवाईक सर्वांत जास्त अडथळा आणतात तेही याच कामात. पायांना बांधलेले पट्टे हवेने फुगून पोटऱ्या दाबतात, ते रक्त साकळू नये म्हणून. त्यासाठीच पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीत रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन देतात. माणूस चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू पिळून पिळून रक्त वर ढकलतात. पडून राहिला की रक्त पायात मंदावते, साकळते, आणि ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस हातचा जाऊ शकतो. या शस्त्रक्रियेत मृत्यूचे प्रमाण कमी आहे, हजारी एक ते तीन, म्हणजे पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या आसपास. त्या थोड्या मृत्यूंच्या प्रमुख कारणांत ही गुठळी आहे. म्हणून चार-सहा तासांतच सिस्टर येऊन म्हणतात, चला, उठा.

आमचे एक वडीलधारे नातलग त्या वेळी भेटीस आले होते. ते सिस्टरवर रागावले. "आजच पोट फाडलंय आणि आजच चालवता? माणसं आहात की कोण?" त्यांचा राग मायेचा होता. त्यांनी पाहिलेल्या काळात ऑपरेशन झालेला माणूस आठ दिवस खाटेवर असे. त्यांना आम्ही गुठळीचे सांगितले, ते गप्प बसले, आणि मग त्यांनीच ताईंची दुसरी बाजू धरली. उठण्याची रीत अशी : आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत, हाताच्या आधाराने बसावे, दोन मिनिटे चक्कर येते का पाहावे, मग उभे राहावे. ताई पहिल्या खेपेस खिडकीपर्यंत गेल्या. तासाभराने दारापर्यंत. रात्री साडेनऊला सलाईनचा खांब ढकलीत सबंध व्हरांडा.

मनाचे काय? दुसऱ्या दिवशी पहाटे ताई म्हणाल्या, "हे मी काय करून बसले? पुन्हा कधी पोटभर भाकरी खाता येणार नाही." हा पश्चात्ताप पुष्कळांना पहिल्या दिवसांत होतो, हे वहीत लिहिलेले होते. वेदना आहे, झोप नाही, आरशात शरीर कालचेच आहे. त्यात वजनकाट्यावर उभे केले तर सलाईनच्या पाण्यामुळे आकडा कालच्यापेक्षा दोन किलो जास्तही दिसतो. अशा वेळी उपदेश करू नये व "तरी आम्ही सांगत होतो" हे तर चुकूनही म्हणू नये. आम्ही त्यांच्याशी भाकरीबद्दलच बोललो. काही आठवड्यांनी मऊ भाकरी दुधात कुस्करून, पुढे चतकोर, असे डॉक्टरांच्या सल्ल्याने खाता येते. त्या शांत झाल्या.

आता ज्याला घाबरलेच पाहिजे ते. नाडी मिनिटाला १२० च्या वर जाऊन तशीच राहणे, श्वास लागणे, ताप, औषध देऊनही वाढत जाणारी पोटदुखी, विलक्षण अस्वस्थता, रक्ताची उलटी, काळी पातळ शौच, घेरी, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे. यांतील काहीही दिसले तर ताबडतोब सिस्टरला बोलवावे, आणि त्यांनी 'बघू' म्हटले तर पुन्हा बोलवावे. शिवणीतून झिरपणे हा जो या शस्त्रक्रियेतील गंभीर धोका आहे, त्याचे पहिले चिन्ह बरेचदा नाडी जलद होणे एवढेच असते. पोट मऊ लागते, रुग्ण बोलत असतो, पण नाडी धावत असते. तो पहिल्या दिवसांतच उद्भवेल असे नाही, घरी गेल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनीही उद्भवतो. घड्याळाचा काटा बघून नाडी मोजणे कोणत्याही आठवीच्या विद्यार्थ्याला पंधरा मिनिटांत शिकविता येते. आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत ते शिकवावे अशी सूचना आम्ही येथे करून ठेवतो.

दोन-तीन दिवसांत बहुतेक घरी जातात. पुढे द्रवाहार, मग घोटलेला आहार, मग मऊ, असा क्रम डॉक्टर लिहून देतात. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. सुटीच्या कार्डावर मात्र शस्त्रक्रियेचे पूर्ण नाव व तारीख स्वच्छ अक्षरात लिहून घ्यावी. उद्या पोट दुखले, अपघात झाला, नाकातून पोटात नळी घालण्याची वेळ आली, किंवा साधी अंगदुखीची गोळी लिहून द्यायची असली, तरी समोरच्या डॉक्टरला जठर कसे कापले आहे हे माहीत हवे. अंगदुखीच्या काही नेहमीच्या गोळ्यांनी, विशेषतः बायपासनंतर, जोडावर व्रण पडतात. ताईंच्या कार्डाच्या तीन झेरॉक्स आम्ही काढल्या. एक त्यांच्या पर्समध्ये, एक मुलाकडे, आणि एक शेजारच्या मावशींकडे, त्यांच्या देवळीतल्या डब्यात.